सेल वीस रुपयांचा, खोळंबा अख्ख्या रांगेचा!

पॉवरचं बटण दाबल्यापासून विंडोजचा लोगो दिसेपर्यंत मध्ये काही सेकंद जातात. तेवढ्यात कॉम्प्युटर रॅम सापडते का बघतो, कीबोर्ड चाचपतो, हार्डडिस्क शोधतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. हे सगळं काम मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपमधला एक प्रोग्रॅम करतो. तो म्हणजे बायोस. तो बिघडला की पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच.

जालन्याहून भोकरदनकडे निघालं की वाटेत राजूर लागतं. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजुरेश्वराची गणना होते आणि वरेण्य राजाला गणेशगीता इथेच सांगितली गेली, अशी श्रद्धा आहे. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी आसपासच्या खेड्यांचं हे रोजच्या कामाचं गाव. अशा गावांतल्या ऑनलाइन सेंटरांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या लॅबमध्ये दहा-बारा वर्षांचे डेस्कटॉप आजही इमानेइतबारे राबतात. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं त्यांच्यावरच चालतं. एक मशीन बंद पडलं की रांगेतल्या माणसाची मजुरी बुडते. म्हणून जुन्या मशीनचा बायोस आणि त्याचं अपडेट यांतल्या या भन्नाट आणि उपयोगी गोष्टी.

साइट डाउन नाही, सेल उतरलाय

सकाळी शटर वर केलं, मशीन चालू केलं. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ‘सीमॉस चेकसम एरर’ आणि खाली ‘एफ१ दाबा’. एफ१ दाबलं, विंडोज आलं. कोपऱ्यातल्या घड्याळात मात्र १ जानेवारी २०११. आता कुठलंही सरकारी पोर्टल उघडा, ब्राउझर लाल इशारा दाखवतो आणि आत जाऊ देत नाही.

कारण साधं आहे. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असं नोंदलेलं असतं. तुमचं मशीन २०११ मध्ये वावरतंय आणि प्रमाणपत्र गेल्या महिन्यात निघालंय. ब्राउझरच्या हिशेबाने ते अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो नकार देतो. लोक म्हणतात नेट गेलं, सर्व्हर डाउन आहे, बायोस अपडेट करावा लागेल. यातलं काहीही झालेलं नसतं. बोर्डावरचा सीआर२०३२ नावाचा गोल सेल उतरलेला असतो. तो २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा असतो आणि वीस-तीस रुपयांत घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे या सेलचं काम. भिंतीचा स्विच चालू असला तर हे घड्याळ मुख्य पुरवठ्यातून येणाऱ्या थोड्याशा विजेवर चालतं आणि सेलवर भार पडत नाही. आपल्याकडे मात्र रात्री दुकान वाढवताना मेन स्विचच बंद करतात. सवय चांगली आहे, आग आणि विजा यांपासून बचाव होतो, आणि ती मुळीच सोडू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा, की त्यामुळे सेल रोज रात्रभर खर्च होतो आणि शहरातल्या ऑफिसपेक्षा लवकर संपतो.

बदलायची रीत बघा. पॉवर केबल काढायची. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटचं झाकण उघडायचं. सेलच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ती नखाने बाजूला रेटली की सेल टपकन वर येतो. मल्टिमीटर असेल तर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. २.७ च्या आसपास किंवा खाली आला असेल तर त्याचे दिवस भरले. नवा सेल बसवताना अधिकचं चिन्ह वरच्या बाजूला, म्हणजे डोळ्यांना दिसेल असं. मशीन चालू करून तारीख आणि वेळ लावा. साइट उघडते!

फॉरमॅट मारू नका, थांबा

सेल संपल्यावर होणारा दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. सेल गेला की बायोसमधली तुमची सेटिंग पुसली जातात आणि कारखान्यातली मूळ सेटिंग परत येतात. बऱ्याच जुन्या बोर्डांवर हार्डडिस्कचं मूळ सेटिंग ‘आयडीई’ असतं. विंडोज टाकताना ते कुणीतरी ‘एएचसीआय’ केलेलं असतं. आता ते आपोआप आयडीईवर गेलं, आणि विंडोज निम्म्यावर येऊन निळी स्क्रीन दाखवून पुन्हा रिस्टार्ट. हे चक्र थांबतच नाही.

अशा वेळी ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू’ असा सल्ला हमखास मिळतो, आणि गिऱ्हाइकांचे वर्षानुवर्षांचे स्कॅन, फोटो, टॅलीचा डेटा सगळं पुसलं जातं. डेटा तर जागच्या जागी असतो! बायोसमध्ये जा, ‘साटा मोड’ नावाचं हे सेटिंग पूर्वी होतं तसं करा, सेव्ह करून बाहेर या. दोन मिनिटांचं काम. निळी स्क्रीन आणि चुकलेली तारीख एकाच दिवशी दिसली, तर संशय आधी सेलवर घ्या.

मे महिन्यात घड्याळ मागे पडतं

कॉम्प्युटरच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा निवडण्यामागे गंमत आहे. २ चा १५ वेळा गुणाकार केला की नेमके ३२,७६८ येतात. म्हणजे त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद हाती लागतो.

हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत बिनचूक चालतात. त्याहून गरम किंवा थंड, दोन्हीकडे ते मंदावतात. मराठवाड्याच्या ४३ अंशांच्या उन्हाळ्यात असं घड्याळ फक्त उष्णतेमुळे दिवसाला जवळपास एक सेकंद मागे पडू शकतं. इंटरनेट असेल तर विंडोज वेळ जुळवून घेतं. शाळेच्या लॅबमध्ये नेटच नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वेळ एकदा तपासून घ्यावी.

आठ केबीत मावलेली क्रांती

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्याचा बायोस होता अवघा ८ केबीचा. आज मोबाइलवर येणारा ‘सुप्रभात’चा एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. आताच्या बोर्डांवर ८, १६, ३२ एमबीच्या चिपा असतात. म्हणजे लहानातली लहान धरली तरी हजार पटींनी जास्त.

आयबीएमने त्या बायोसचा अख्खा कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला होता. वाचायला सगळ्यांना मुभा, नक्कल करायला मात्र कॉपीराइटची बंदी. कॉम्पॅक कंपनीने यावर नामी उपाय काढला. एका गटाने तो बायोस काय काय करतो एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ कोड न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. कोर्टात टिकेल असं काम! १९८३ मध्ये कॉम्पॅकचं मशीन विक्रीला आलं, पुढच्या वर्षी फिनिक्स कंपनी असाच बायोस इतरांना विकू लागली आणि पीसी बनवणं ही एका कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. गावोगावी असेंबल केलेले कॉम्प्युटर मिळू लागले, त्याचं मूळ इथे आहे.

जुनं मशीन सुरू होताना कोपऱ्यात ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’, म्हणजे एएमआय, असं नाव पाहिलंय ना? १९८५ मध्ये ही कंपनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पॅट सरमा आणि सुब्रमण्यन शंकर या भारतीय वंशाच्या अभियंत्यांनी उभी केली. जगभरच्या अगणित मदरबोर्डांवर त्यांचाच बायोस असतो.

उन्हात पुसला जाणारा बायोस, आणि पुण्यात जन्मलेले धाम

एके काळी बायोस अपडेट करायचा म्हणजे चिपच बदलावी लागायची. त्या जुन्या चिपांच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. त्यावर अतिनील प्रकाश पाडला की आतला सगळा मजकूर पुसला जायचा, म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवलेला असायचा. स्टिकर निघाला आणि चिप बराच काळ उन्हात राहिली, तर मजकूर उडण्याची भीती खरीच होती.

मग फ्लॅश मेमरी आली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली आणि इंटेलने १९८८ मध्ये तिचा व्यापारी अवतार बाजारात आणला. इंटेलच्या त्या पहिल्या फ्लॅश तंत्राच्या सहसंशोधकांत एक नाव आहे विनोद धाम. त्यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. पुढे पेंटियम प्रोसेसरचे जनक म्हणून ते जगाला ठाऊक झाले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. जुन्या पीसीवर चिकटवलेला ‘पेंटियम’चा स्टिकर सगळ्यांना आठवतो. आतल्या चिपमधला बायोस ज्या तंत्राने घरबसल्या बदलता येऊ लागला, त्यालाही याच माणसाचा हात लागलाय, हे अभिमानाने सांगायला हवं.

लाईट गेली की बायोस का मरतो?

फ्लॅश चिपची एक अट आहे. तिच्यावर नवं लिहायचं तर आधीचं पुसावंच लागतं. पुसणं म्हणजे त्या भागातला प्रत्येक बिट १ करणं. लिहिताना फक्त १ चा ० करता येतो, उलट करता येत नाही. पुसण्याचं काम एकदम मोठ्या तुकड्यांत होतं, बहुधा ४ किंवा ६४ केबीच्या, आणि लिहिणं चालतं २५६ बाइट्सच्या छोट्या घासांत.

आता विचार करा. जुना बायोस पुसलाय, नवा अर्धा लिहिलाय आणि लाईट गेली. चिपमध्ये धड जुनं नाही, धड नवं नाही. पुढच्या वेळी पॉवर दिल्यावर प्रोसेसर पहिली सूचना वाचायला जातो आणि तिथे त्याला काहीच अर्थपूर्ण सापडत नाही. ‘बोर्ड डेड झाला’ म्हणतात तो हा प्रकार.

म्हणून अपडेटआधी यूपीएसची परीक्षा घ्या. बायोसची स्क्रीन उघडी ठेवा, काही सेव्ह करायचं नाही, आणि भिंतीचा स्विच बंद करा. मशीन दहा मिनिटं तग धरतं का? बाहेरून नवा दिसणारा यूपीएस आतली बॅटरी गेल्यामुळे क्षणात मान टाकतो, हे गावोगावचं वास्तव आहे. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर असेल तर आधी काढून ठेवा, तो गरम होताना भरपूर वीज ओढतो.

घरचा किंवा दुकानाचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण शोधा, ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असलेलं. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इको मोडमध्ये जास्त वेळ लागतो. पंख्याला त्याचा पत्ता लागत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात रिस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर हवं. आभाळ भरून आलं असेल, वारं सुटलं असेल, तर अपडेट उद्यावर ढकला. आणि ज्या दिवशी दुकानात गर्दी असते, चतुर्थी असो की पीकविम्याची शेवटची तारीख, त्या दिवशी बायोसला हातसुद्धा लावू नका.

२६ एप्रिल १९९९

चेर्नोबिल दुर्घटनेच्या स्मृतिदिनी जगभरातले असंख्य कॉम्प्युटर एकाच दिवशी मुके झाले. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने वर्षभर आधी लिहिलेला, जेमतेम एक केबीचा हा व्हायरस होता. तो फाइलींमधल्या रिकाम्या जागांत लपून बसायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढतच नसे आणि कुणाला शंका येत नसे. ठरल्या दिवशी तो हार्डडिस्कची सुरुवात पुसायचा आणि काही बोर्डांवर थेट बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहायचा. व्हायरसने सॉफ्टवेअर बिघडतं हे माहीत होतं, पण बोर्डच बंद पाडता येतो हे त्या दिवशी कळलं. आता बायोसची फाइल कंपनीच्या डिजिटल सहीनिशी येते आणि सही जुळली नाही तर बोर्ड ती घेत नाही. त्यामागे अशाच अनुभवांची शिकवण आहे.

अपडेट अडतं कुठे?

आता मुद्द्याचं. फाइल उतरवली, पेनड्राइव्ह लावला, तरी बोर्ड दाद देत नाही. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं.

पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असतो. जुन्या बायोसला फॅट३२ कळतं, बाकीचं नाही. फाइल झिप आहे आणि ती तशीच कॉपी केलीय, असंही होतं. ती आधी उघडायची आणि आतली खरी फाइल फोल्डरमध्ये न ठेवता थेट पेनड्राइव्हवर टाकायची. पेनड्राइव्ह निळ्या यूएसबी पोर्टात असेल तर काढून मागच्या काळ्या पोर्टात लावून पाहा. कित्येक जुन्या बोर्डांवर विंडोज येईपर्यंत निळे पोर्ट जागेच होत नाहीत.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे भलत्याच बोर्डाची फाइल. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि प्रत्येकीचा बायोस वेगळा असू शकतो. बोर्डाच्या कोपऱ्यावर ‘रेव्ह’ आणि पुढे आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. टॉर्च लावून, डोळे बारीक करून तो वाचाच. विंडोज चालू असेल तर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. बोर्डाचं नाव, बायोसचं व्हर्जन आणि तारीख एकाच पानावर दिसतात. डेलचं मशीन असेल तर पाठीवरचा सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग पुरेसा आहे.

विंडोजच्या आतून अपडेट करण्याचे प्रोग्रॅम मिळतात. जुन्या मशीनवर त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं, कारण मध्येच अँटिव्हायरस जागा होतो किंवा विंडोजच अडकतं. बोर्डाच्या आत स्वतःची सोय असते, ती वापरावी. असूसवर ईझेड फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश, एएसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत एफ१२ दाबल्यावर येणाऱ्या यादीतच अपडेटचा पर्याय असतो. फार जुन्या व्हर्जनवरून एकदम शेवटच्या व्हर्जनवर उडी मारू देत नसेल तर कंपनीच्या पानावर मधलं व्हर्जन दिलेलं असतं. ते आधी टाकायचं.

अपडेट नीट झालं, तरी ‘बूट डिव्हाइस नाही’ असं आलं तर घाबरू नका. हार्डडिस्क गेलेली नाही. सेटिंग मूळ पदावर आल्यामुळे लेगसी आणि यूईएफआय या मशीन सुरू करण्याच्या दोन पद्धतींची अदलाबदल झालेली असते. याच कारणासाठी अपडेटआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर चालू असेल तर तो आधी तात्पुरता थांबवावा, नाहीतर मशीन ४८ आकडी किल्ली मागतं आणि ती त्या क्षणी कुणाजवळच नसते.

पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही

आधी रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, पुन्हा घट्ट बसवा. गावाकडच्या धुळीत आणि दमटपणात या पट्ट्यांवर थर बसतो आणि बोर्ड मेल्यासारखा वागतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याच्या खिशात हे खोडरबर असतं आणि ते त्यांचं खरं हत्यार आहे. स्पीकर जोडलेला असेल तर बीपकडे कान द्या. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. वेगवेगळ्या कंपन्यांची भाषा वेगळी, त्यामुळे आपल्या बोर्डाचं कोष्टक बघावं लागतं.

तरीही काही नाही, आणि हे सगळं अपडेट अर्धवट राहिल्यानंतर झालंय? तरी आशा सोडू नका. गिगाबाइटच्या कित्येक बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात. एक बिघडली तर दुसरी तिला पुन्हा लिहून देते. एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये कंट्रोल आणि होम ही बटणं धरून मशीन सुरू केलं की तो ठरावीक नावाची फाइल शोधतो. अवॉर्डच्या जुन्या बोर्डांची तऱ्हा तर विलक्षण होती. मेल्यावरही त्यांचा एक छोटासा भाग जिवंत राहायचा, पण त्याला फक्त फ्लॉपी ओळखता यायची, स्क्रीन चालवता येत नसे. कारागीर दुसऱ्या मशीनवर फ्लॉपी तयार करायचे, त्यात सगळ्या आज्ञा आपोआप चालतील अशी व्यवस्था करायचे आणि मग अंधारात, फ्लॉपीच्या खरखरीवर कान ठेवून वाट बघायचे. खरखर थांबली, मशीन पुन्हा चालू केलं आणि स्क्रीन उजळली की काम फत्ते.

काही जण याहूनही पुढे जायचे. तसाच चांगला बोर्ड चालू करायचा, चालू असतानाच त्याची बायोस चिप सॉकेटमधून उपसायची, मेलेली चिप तिथे बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. कौशल्य अफाट, धोका त्याहून अफाट. आज याची गरज उरलेली नाही. सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर काहीशे रुपयांत मिळतो. आठ पायांच्या चिपला चिमटा लावायचा, लॅपटॉपला जोडायचं आणि मूळ फाइल लिहायची. याच्या काही काळ्या मॉडेलांत डेटाच्या तारांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात आणि चिपला इजा होऊ शकते. विकत घेताना हे विचारून घ्या. आणि काहीही लिहिण्याआधी चिपमधला जुना मजकूर वाचून लॅपटॉपवर सेव्ह करा, कारण त्यात त्या मशीनचा सिरीयल नंबर आणि नेटवर्कचा पत्ता असू शकतो.

ज्याला हे जमतं त्याच्यासाठी राजूरसारख्या गावात काम आहे. बोर्ड जालन्याला किंवा संभाजीनगरला पाठवायचा, आठवडाभर वाट बघायची, तोवर सेंटर बंद ठेवायचं, हे टळतं. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली आणि तिने महाराष्ट्रातल्या लाखोंना माउस धरायला शिकवलं. आता कॅबिनेट उघडायला शिकवणारे हात तालुक्या-तालुक्याला हवेत.

नवीन म्हणजे नेहमीच चांगलं नव्हे

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या उणिवा उघड झाल्या. घाईघाईने बायोसची अपडेट आली. ती टाकल्यावर इंटेलच्या हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीची मशीनं अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होऊ लागली. २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच सांगितलं, ही अपडेट टाकणं थांबवा, सुधारित आवृत्ती येतेय.

२०१९ मध्ये दुसरीच अडचण आली. एएमडीचे नवे रायझन प्रोसेसर आले, पण अनेक बोर्डांवरच्या १६ एमबीच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्यांची माहिती मावेना. एमएसआयने मग काही बोर्डांच्या बायोसमधली चित्रमय सजावट काढून साधा मजकुराचा चेहरा दिला, आणि काही जुन्या प्रोसेसरांचा आधारही काढून टाकला. म्हणजे तुमचा प्रोसेसर त्या जुन्यांत असेल, तर अपडेटने चालतं मशीन बंद पडणार! म्हणून फाइलीसोबत दिलेली दोन ओळींची टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती, नवा प्रोसेसर किंवा ठरावीक बिघाड यांपैकी कारण असेल तर अपडेट करा. मशीन सुरळीत असेल आणि कारण नसेल तर त्याला त्याचं काम करू द्या.

विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हापासून ‘बायोस अपडेट करून विंडोज ११ टाकून देतो’ असं सांगणारे भेटतात. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या मशीनवर अनेकदा विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय नुसती बंद असते, ती बायोसमध्ये चालू केली की काम होतं. त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि कोणताही बायोस प्रोसेसरची पिढी बदलू शकत नाही. त्यासाठी पैसे देऊ नका. लिनक्सची वाट मोकळी आहे, तीही फुकट. तिकडे जाण्याआधी मात्र तुमचं थंबचं मशीन आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे पाहून घ्या.

सर्वांत लांबची दुरुस्ती

१९७७ चा कॉम्प्युटर, अंतर २४ अब्ज किलोमीटर. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ हे अंतराळयान निरर्थक आकडे पाठवू लागलं. नासाच्या लोकांनी महिनोन्‌महिने शोध घेतला तेव्हा मेमरीची एक चिप गेलेली निघाली. चिप बदलायला तिथे कोण जाणार! त्यांनी त्या चिपमधला कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जागा मिळेल तिथे बसवला. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा निघाली. ती पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. २० एप्रिलला यानाचं बोलणं पुन्हा समजू लागलं. घाईत कुणी काही पुसलं नाही, प्रत्येक पायरी आधी तपासली, म्हणून जमलं.

तुमच्या सेंटरमध्ये, शाळेत, घरी जुना डेस्कटॉप असेल तर एवढं कराच. या रविवारी झाकण उघडा, धूळ काढा, सेल बदला. बोर्डाचं नाव, रेव्ह नंबर, बायोसचं व्हर्जन, साटा मोड आणि सेल बदलल्याची तारीख एका कागदावर ठसठशीत लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवून टाका. पुढच्या वेळी मशीन अडलं की दुरुस्तीला येणाऱ्याला पहिला तो कागद दाखवा.